तांबडे पेले, पिवळे पेले

मी बालवाडीची बाई झाले त्यात माझं कर्तृत्व असं काही नव्हतं. गावात दहावी झालेल्या पोरी दोनच होत्या. त्यातली एक लग्न होऊन पालमला गेली आणि उरले मी. पंचायतीत नाव सुचवायची वेळ आली तेव्हा बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लगीन जमूस्तोर घरात बसून तरी काय करायलीय. लेकरं राखील." या एका वाक्यावर माझी नेमणूक झाली. मला मात्र त्या कामाचं फार अप्रूप होतं. सकाळी धुतलेलं पातळ नेसून, खांद्याला पिशवी लावून गल्लीतून निघाले की दारातल्या बाया म्हणायच्या, "बाई निघाल्या." मी ऐकून न ऐकल्यासारखं करत पुढं जायची, कान मात्र मागंच असायचे. बालवाडी बंद पडली असती तर मी परत घरात, आणि घरात म्हणजे पाहुण्यांपुढं पोह्यांची ताटली धरून उभी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी जे केलं ते का केलं याचं निम्मं उत्तर त्यात आहे.

घर आमचं माळवदाचं, चार खणांचं, पुढं लांब ओसरी. पहाटे जाग यायची ती आईच्या भाकरी थापण्याच्या आवाजानं, आणि त्यात थोड्या वेळानं पिठाच्या गिरणीची पुकपुक मिसळायची. येसराची आमटी, अंबाडीची भाजी, लाल ठेच्यावर करडईचं तेल. कधी आईचा हात मोकळा असला तर भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला व्हायचा, आणि त्या दिवशी माझी भाची मंगी शेंगदाणे वेचून खाऊन चुरमुरे तसेच ठेवायची. मंगी माझ्या भावाची मुलगी, चार वर्षांची, माझ्या पातळाला गोचिडासारखी चिकटलेली. ती माझ्याबरोबर बालवाडीत यायची आणि तिथंही मला बाई न म्हणता आत्याच म्हणायची. मी पुष्कळदा रागावून पाहिलं, तिनं काही ऐकलं नाही.

ओसरीच्या बाहेरच्या भिंतीत एक देवळी होती, म्हणजे भिंतीतच ठेवलेला लहान कोनाडा. त्या देवळीत कान तुटलेला एक चिनी मातीचा कप पालथा असायचा. तो कौसाबाईचा. कौसाबाई बौद्धांच्या वस्तीतली, आमच्या रानात कामाला यायची. उंच, सडसडीत, बोलणं मोजकं. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी होती, पण मी तिला एकेरीच हाक मारायची, घरातले सगळेच मारायचे. ती आली की देवळीतला कप घ्यायची, ओसरीखाली टेकायची, आई किटली वर धरून कपाला लागणार नाही अशा बेतानं चहा ओतायची. पिऊन झाला की कौसाबाई कप विसळून परत पालथा ठेवायची. अंगणातली तुळस जशी रोज दिसते तसा तो कप मला रोज दिसत होता. त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला एकोणीस वर्षांत वाटलं नाही.

नामांतराची ती वर्षं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायच्या प्रश्नावरून आसपासच्या गावांत घरं जळाली होती, माणसं परागंदा झाली होती. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही, आणि हे आम्ही आल्यागेल्याला मोठ्या अभिमानानं सांगायचो. "आमच्या गावात काई झालं न्हाई." वस्तीतली माणसं आठ-दहा दिवस लेकराबाळांसकट ज्वारीच्या रानात झोपली, गिरणीवाल्यानं कितीतरी महिने त्यांचं दळण घेतलं नाही, बाया डोक्यावर धान्य घेऊन ताडकळसपर्यंत चालत गेल्या, पण हे सगळं 'काही' मध्ये धरायचं नसतं असं आमच्या घरात कुणी ठरवलं होतं कोण जाणे. मीही धरत नव्हते. बालवाडी सुरू झाली तेव्हा या गोष्टीला दोनेक वर्षं होऊन गेली होती, गिरणी पुन्हा सगळ्यांसाठी चालू झाली होती आणि आता सगळं बरं चाललंय असंच मला वाटायचं.

बालवाडीची खोली गाव संपतं आणि वस्ती सुरू होते तिथं होती, जुन्या चावडीला लागून. त्यामुळं लेकरं दोन्हीकडून यायची. पहिल्या आठवड्यात नुसती रडारड. मग हळूहळू कोण कुणाशेजारी बसतं ते आपोआप ठरत गेलं. मंगीनं कौसाबाईची सुजाता पकडली. सुजाता मंगीच्याच वयाची, डोळे मोठे, दोन वेण्यांना तांबड्या रिबिनी, बोलायची अगदी हळू. मंगी बडबडी. एकीनं बोलायचं आणि दुसरीनं मान हलवायची अशी त्यांची मैत्री चालायची. गोधडीवर डोक्याला डोकं लावून दोघी झोपायच्या, आणि महिन्याभरात एकीच्या उवा दुसरीच्या डोक्यात गेल्या. आईनं मंगीचं डोकं रॉकेलनं चोळलं, मला चार शब्द सुनावले, पण उवा कुणाच्या घरून आल्या हे काही तिच्या ध्यानात आलं नाही. मी सांगितलं नाही. खरं म्हणजे आमच्याच घरून तिकडं गेल्या असणार, कारण मंगीचं डोकं मला ठाऊक होतं.

सुकडी, म्हणजे लेकरांचा सरकारी खाऊ, वाटायला आणि पाणी प्यायला एक दिवस पोत्यातून तीस जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, पेले आले. सगळे एकसारखे, नवे, एकमेकांवर आपटले की घंटेसारखे वाजणारे. लेकरं हाताला येईल तो पेला उचलायची. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. चारपाच दिवसांनी माझी चुलती, सखूकाकू, तिच्या दोन नातवांना न्यायला आली आणि दारातच रेंगाळली.

"अनू, ह्या पेल्यांत कोन कोन पितं ग?"

"सगळेच पितात काकू."

"सगळे म्हंजी तिकडलेबी?" काकूनं हनुवटीनं वस्तीकडं दाखवलं. मी मान हलवली. "मी काई म्हनत न्हाई, बाई. मला काय करायचंय. पर गल्लीतल्या बाया म्हनायल्यात. उद्या लेकरं पाठवायची बंद केली तर तुझीच बालवाडी बसंल. तुझ्या भल्यासाठी सांगायले."

माझी पाचावर धारण बसली. आमच्या गल्लीतली चौदा-पंधरा लेकरं गेली तर पटावर उरणार किती? त्या दिवशी घरी आले तर परसात पोळ्याचं उरलेलं सामान अजून तसंच पडलेलं. बैलांच्या शिंगांना लावायच्या रंगाचे दोन डबे, एक तांबडा, एक पिवळा. दोन्हींत बोटभर रंग शिल्लक. मला एकदम युक्ती सुचली आणि ती सुचल्याचा मला आनंद झाला, हे लपवत नाही. दुसऱ्या दिवशी लेकरं येण्याआधी मी निम्म्या पेल्यांच्या बुडाशी तांबडा पट्टा ओढला आणि निम्म्यांना पिवळा. कुणाला काही बोलले नाही, कुणाचं मन दुखवलं नाही. लेकरांना फक्त सांगितलं, "तू तांबडा घे, तू पिवळा घे." गावाकडून येणाऱ्यांना तांबडा, वस्तीतल्यांना पिवळा. वस्तीतल्या आयांना वाटलं, रंग शिकवायला केलं असेल. आणि तसं मी शिकवतही होते. तपासणीच्या बाई एसटीनं आल्या तेव्हा अडीच वर्षांच्या लेकरानं धावत जाऊन आपल्या रंगाचा पेला आणला. त्यांनी वहीत शेरा लिहिला की इथल्या मुलांची रंगांची ओळख उत्तम आहे. तो शेरा मी घरी वाचून दाखवला. बापू म्हणाले, "शाबास." बापूंच्या तोंडून हा शब्द मी फार वेळा ऐकलेला नव्हता.

असे सहा महिने गेले. पिवळे पेले मी वेगळ्या टोपलीत ठेवायची, वेगळे घासायची. कुणी सांगितलं नव्हतं, हातालाच तशी सवय लागली.

शिमगा झाला आणि ऊन तापायला लागलं. एक दिवस सुकडी खाऊन झाल्यावर मी पिवळ्यांची टोपली घेऊन हापशावर गेले. तांबडे आधीच घासून माठाशेजारी मांडून ठेवले होते. हापसा तसा दारापासून पन्नास पावलांवर. लेकरांना सांगून गेले होते की जागचं हलायचं नाही. परत आले तर बाकीची लेकरं गोधडीवर लोळत होती आणि माठाजवळ मंगी पाटावर उभी होती. तिच्या दोन्ही हातांत तांबडा पेला. खाली सुजाता किंचित वाकून उभी, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाला लावलेली, कोपरं बाहेर काढलेली. मंगी वरून बारीक धार सोडत होती, पेला सुजाताच्या हाताला लागणार नाही इतका उंच धरून, जीभ दातांत चावून, मन लावून. सुजाताच्या कोपरांवरून पाणी ठिबकत होतं आणि दोघी हसत होत्या.

"मंगे, काय करायलीस ग?" मी दारातूनच विचारलं.

"तिला तहान लागली. तिचे पेले तूच नेलीस की." आणि मग शाबासकीसाठी तोंड वर करून ती म्हणाली, "आत्या, पेल्याला तिचा हात लागू दिला न्हाई मी."

असं पाणी वाढताना त्या दोघींनी कधी कुणाला पाहिलं नव्हतं. पाहणं शक्यच नव्हतं, देवळीत कप येऊन ओंजळीनं पिणं बंद झालं ते त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी. मी त्यांना फक्त दोन रंग शिकवले होते. बाकीचं त्यांचं त्यांनी जुळवलं होतं, भांडण न करता, अगदी गुण्यागोविंदानं. इतक्या वर्षांनंतरही ती पाण्याची धार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

मागं काहीतरी खाली टेकवल्याचा आवाज आला. कौसाबाई दारात उभी होती. रानात कापसाच्या पळाट्या उपटायचं काम लवकर आटोपून ती लेकीला न्यायला आली होती, डोक्यावरचा पळाट्यांचा भारा तिनं उंबऱ्याबाहेर उतरवला होता. तिनं किती पाहिलं हे विचारायची गरज नव्हती. ती आत आली, सुजाताची कोपरं पदरानं पुसली, तिच्या रिबिनीची सुटलेली गाठ बांधली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझी माय असंच पानी पेत होती, बाई. तुमच्याच दारात."

मी टोपली हातात धरून उभी.

"मी कपात पेले. मला वाटलं, सुजी पेल्यात पील." थोडी थांबून तिनं विचारलं, "मंगीला कोन शिकिवलं?"

मी टोपली खाली ठेवली. उत्तराची तिनं थोडी वाट पाहिली, मग भारा डोक्यावर घेतला, सुजाताचं बोट धरलं आणि गेली. आवाज चढवला नाही, भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी वस्तीतलं एकही लेकरू आलं नाही. अकरा लेकरं. खोटं कशाला सांगू, पहिला विचार मला पटाचाच आला, की आता तपासणीत काय सांगायचं. लाज त्याच्या मागून आली. पण आली ती आजवर गेलेली नाही. त्या दुपारी मी तीसच्या तीस पेले हापशावर नेले आणि रॉकेल, राख आणि विटेचा तुकडा घेऊन रंग खरवडायला बसले. बैलाच्या शिंगांवर वर्षभर टिकणारा रंग तो, सहजासहजी निघतोय कुठला. संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांची सालं गेली. बापू रानातून येताना तिथं थांबले, थोडा वेळ बघत राहिले.

"गावात बालवाडी चालवायची आसंल तर गावाच्या चालीनं चालवावी लागंल, अनू," ते शांतपणे म्हणाले.

"गावाच्या चालीनंच चालवत होते, बापू," मी म्हणाले. बापूंना मी कधी उलट बोलत नसे. ते घरी गेले.

पेले पुन्हा पांढरेशुभ्र झाले, सगळे एकसारखे. सकाळी मी ते माठाजवळ ढीग करून ठेवले आणि मोठ्या समाधानानं पटावर सह्या करायला बसले. डोकं वर केलं तर मंगीनं त्यांच्या दोन रांगा लावल्या होत्या.

"हे आपले, हे त्यांचे," तिनं मला समजावून सांगितलं.

"तुला कसं ग कळलं?"

"ह्याला हितं पोचा हाय. ह्याची कड वाकडी हाय. हा सुजीचा, तिनं पाडला व्हता ना." तीसपैकी एकाही पेल्यात तिची चूक झाली नव्हती, रंगांची ओळख उत्तम. मी उठून त्या रांगांपुढं जाऊन बसले. पुढं पस्तीस वर्षं मी लेकरं शिकवली, मोठमोठ्या प्रशिक्षणांना जाऊन आले, पण शिकवणं म्हणजे काय हे मला त्या दोन रांगांपुढं बसून जेवढं कळलं तेवढं कुणी सांगितलं नाही.

त्या दुपारी मी मंगीला घेऊन वस्तीत गेले. जन्मल्यापासून त्या गावात राहत होते, पण वस्तीच्या तोंडाशी असलेल्या लिंबाच्या पुढं माझं पाऊल कधी पडलं नव्हतं. कौसाबाईचं घर लहान, शेणानं सारवलेलं, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिला ताज्या शेवंतीचा नाही तरी कागदाचा स्वच्छ हार. ती सुपात तूर पाखडत होती. मला बघून उठली, पोतं अंथरलं. "बसा."

मी बसले. "रंग खरवडला मी."

"दिसायलंय बोटांवरून."

"लेकरं पाठवा की, कौसाबाई." मी तिला पहिल्यांदाच मानानं बोलत होते, आणि ते मतलबाचं आहे हे तिलाही कळलं असणार. तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर फेकला.

"पेल्यांचा रंग काढला, बेस केलं. पर मंगी सांजच्याला कुटं जाती?"

"घरी."

"घरी ती काय बगती?"

मला आमची ओसरी दिसली, ओसरीबाहेरची देवळी दिसली. कौसाबाई परत तूर पाखडायला लागली.  तेवढ्यात मंगी, जी एवढा वेळ सुजाताच्या मांडीवरच्या मांजराच्या पिलाशी खेळत होती, ती म्हणाली, "मला तहान लागली."

कौसाबाईनं माझ्याकडं पाहिलं. ती हलली नाही. मी किती वेळ घेतला ते मला सांगता येणार नाही, फार नसेल, पण तिनं तो मोजला असेल. मग मी म्हणाले, "द्या तिला." तिनं पितळेचा पेला भरून आणला.

"हा कोनाचा?" मंगीनं विचारलं.

"आमचा," सुजाता म्हणाली.

मंगी गटागटा प्यायली आणि अजून मागितलं. तिचं झाल्यावर त्याच पेल्यात मीही मागून घेतलं. कौसाबाई म्हणाली, "लेकरांचं बगते मी." पाठवते म्हणाली नाही.

मंगीच्या पोटात काही राहायचं नाही. संध्याकाळी ताटं मांडली न मांडली तोच तिनं जाहीर केलं, "आज मी सुजीच्या घरी पानी पेले. आत्याबी पेली." वहिनी, म्हणजे मंगीची आई, उठल्या आणि मंगीला न्हाणीत घेऊन गेल्या. अवेळी डोक्यावरून पाणी पडलं म्हणून ती रडत राहिली, पण तिला का न्हाऊ घातलंय हे तिला कुणीच सांगितलं नाही. बापूंचा घास हातात राहिला. "लेकराला कळत न्हाई," ते म्हणाले, "तुला कळतं." त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी बालवाडी बंद का केली नाही ते मला कधी कळलं नाही. बहुतेक नाव त्यांनीच सुचवलं होतं म्हणून असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई आणि तिच्याबरोबर नव्यानं आलेल्या दोघी पळाट्यांच्या कामाला निघाल्या तेव्हा चहासाठी ओसरीखाली टेकल्या. आई किटली घेऊन बाहेर आली. मी घरातून निळ्या किनारीचे चांगले कप आणले, पाहुण्यांसाठीचे, आणि त्या तिघींपुढं ठेवले. मग देवळीतला कान तुटलेला कप काढला, विसळला आणि त्यांच्याशेजारी ओसरीच्या पायरीवर बसले. बालवाडीला जायच्या आधी मी चहा स्वयंपाकघरात प्यायची. आज इथं मागितला.

कौसाबाईनं कपाला हात लावला नाही. "बाई, माझ्यापायी घरात वाद नको."

"तुमच्यापायी न्हाई," मी म्हणाले. हे मात्र खरं होतं.

आई किती तरी वेळ किटली धरून उभी राहिली. मग तिनं पहिल्यांदा माझ्या कपात चहा ओतला. वरून, कपाला किटली लागणार नाही अशा बेतानं. कौसाबाईला ओतायची तसाच, मलाही. वर्षानुवर्षं भरलेला हात तो. पोटच्या पोरीला असा चहा ओतताना तिला काय वाटलं असेल याचा विचार मी तेव्हा केला नाही, मला माझंच वाटत होतं. चहाची धार वरून पडली की कपाबाहेर शिंतोडे उडतात, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ते माझ्या मनगटावर उडाले. तिनं बाकीचे तीन कप भरले आणि जाताना म्हणाली, "आता त्यो कप आत आनू नको."

"बरं," मी म्हणाले.

मंगी उंबऱ्यात उभी राहून सगळं बघत होती. ती आली आणि माझ्या कपात वाकून पाहिलं. "आत्या, तू आता पिवळी झालीस?"

"हो."

"मग मी कोन?"

"तूच बघ." तिनं थोडा विचार केला आणि मांजरामागं पळून गेली. मी मात्र लग्न होऊन त्या घरातून निघेपर्यंत, म्हणजे दोन वर्षं, सकाळचा चहा ओसरीच्या पायरीवर त्याच कपात प्याले. आईनं तो रोज वरूनच ओतला.

सुजाता चौथ्या दिवशी आली. तिच्यामागून बाकीची आली. सखूकाकूनं आपले नातू काढून घेतले, गल्लीतल्या आणखी चौघांना त्यांच्या घरच्यांनी घरी ठेवलं. पटाचं जे व्हायचं ते झालं. पण मंगीच्या दोन रांगा अजून मोडायच्या होत्या. पोचे काही खरवडता येत नाहीत. मग बाजाराच्या दिवशी मी पोतं घेऊन ताडकळसला गेले. तिथं भांड्यांवर नावं घालणारे एक म्हातारे चाचा बसायचे. त्यांना म्हणाले, "चाचा, लेकरांना वाचता येत न्हाई, प्रत्येकावर वेगळं चित्र काढा." चाचा हसले. "बेटी, मेरेकू दो फुलाँ और एक मोर आता, बस." म्हणून मी लेकरांनी पाटीवर काढलेली चित्रं कागदावर उतरवून पुढच्या बाजारी घेऊन गेले. मासोळी, लिंबाचा पाला, एसटी, भाकरी म्हणजे नुसता गोल, आणि मंगीचा लांब शिंगांचा बैल. मासोळी सुजाताची. न येणाऱ्या सहा लेकरांच्या पेल्यांवर मी माझ्या मनानं चित्रं घालून घेतली आणि ते पेलेही माठाजवळ ठेवत गेले. दोघे वर्षभरानं आले तेव्हा त्यांचे पेले त्यांना मिळाले. फरक पुसायला निघाले होते तीच माझी दुसरी चूक होती. लेकरांना फरक आवडतात, फक्त ते दोनच ठेवले की घोळ होतो. आठ दिवसांत सौदे सुरू झाले, "मला आज मासोळी दे, तू बैल घे." जो तो दुसऱ्याचा पेला मागायला लागला, आणि माठाजवळ त्यावरून मारामाऱ्या व्हायला लागल्या. मी त्या फार मनापासून सोडवत नव्हते.

सुजाता पुढं शिकून शिक्षिका झाली, जिंतूरकडं असते. कधी फोन आला तर अजून हळूच बोलते. कौसाबाई गेली. माझी आईही गेली. मंगी परभणीला राहते, तिची मुलं मोठी झाली, घर छान आहे. मागच्या दिवाळीत मी तिच्याकडं गेले होते. सकाळी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्याखाली, कोपऱ्यात, स्टीलचा एक पेला पालथा ठेवलेला दिसला.

"हा कुणाचा ग?" मी विचारलं.

"कामवाल्या ताईंचा," मंगी चहात साखर घालत म्हणाली. "त्यांना बरा पडतो."

गुडघे दुखत होते तरी मी खाली वाकले, पेला उचलला, नळाखाली विसळला आणि तिच्यापुढं धरला. "माझा चहा ह्यात ओत."

मंगी माझ्याकडं बघत राहिली. तिला काही आठवत नसेल अशी माझी समजूत होती, चार वर्षांच्या लेकराला काय आठवणार. तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "तू अजून पिवळीच का?"

"हो," मी म्हणाले.

तिनं पातेलं खाली आणलं, पेल्याच्या कडेला टेकवलं आणि चहा ओतला. दुपारी ताई आल्या, त्यांना तिनं टेबलापाशी बोलावून चहा दिला आणि स्वतः समोर बसली. जाण्याआधी मी पाहिलं, ओट्याखालची जागा रिकामी होती. तो पेला तिनं घासून वर फडताळात बाकीच्या पेल्यांमध्ये ठेवला होता. सगळे एकसारखे, एकाच दुकानातले. त्यातला तो कोणता, हे मला ओळखू येईना. मंगीला येत असणार.